एका रेल्वेची वर्णमाला : एडवर्ड जॉन्स्टन आणि लंडनच्या भुयारी स्थानकांवरील अक्षरे

(१)
लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्या बारकाईने पाहिल्या, तर एक लहानशी गोष्ट लक्षात येते. इंग्रजी स्मॉल ‘आय’ आणि ‘जे’ या अक्षरांवरचा टिंब तेथे गोल नाही. तो पत्त्यांतील चौकटसारखा एका कोपऱ्यावर उभा आहे. निव्वळ शोभेसाठी तो तसा काढलेला नाही. त्यामागे मध्ययुगीन पोथ्यांचा अभ्यास आहे, एका रेल्वे अधिकाऱ्याचा हट्ट आहे आणि मागणीनुसार अक्षरे घडवून देणाऱ्या एका कारागिराचे आयुष्य आहे. हा थ्रेड त्या कारागिराविषयी : एडवर्ड जॉन्स्टन.

(२)
जॉन्स्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ रोजी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात झाला. आईवडील मूळचे स्कॉटिश. मुलगा तीन वर्षांचा असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले. प्रकृती नाजूक असल्याने त्याचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. पुढे त्याने एडिंबरा येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास आरंभला, पण प्रकृतीने तोही पुरा होऊ दिला नाही. पंचविशी उलटली तेव्हा हाती ना पदवी होती, ना धंदा. अक्षरे काढण्याची जुनी आवड तेवढी शिल्लक होती.

(३)
१८९८ साली लंडनमध्ये त्याची गाठ विल्यम लेथाबी यांच्याशी पडली. लेथाबी हे वास्तुविशारद, आणि १८९६ साली स्थापन झालेल्या ‘सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स’चे एक प्रमुख. हस्तकौशल्याला यंत्रयुगात पुन्हा मान मिळावा, या विचाराच्या मंडळींपैकी ते होते. त्यांनी या तरुणाला सल्ला दिला की, ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन जुनी हस्तलिखिते पाहावीत. कोणती पाहावीत, हे सिडनी कॉकरेल यांनी दाखवले. कॉकरेल पूर्वी विल्यम मॉरिस यांचे चिटणीस होते.

(४)
या सल्ल्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये मुद्रणाला चार शतके उलटून गेली होती. टोकदार टाकाने काढलेले वळणदार कचेरी अक्षर सर्वत्र रूढ होते. मानपत्रासाठी जुन्या धाटणीची अक्षरे हवी असली, तर आधी पेन्सिलने बाह्यरेषा आखायची आणि मग आत शाई भरायची, असा प्रघात होता. मूळ लेखकांनी ती अक्षरे कोणत्या लेखणीने व कोणत्या क्रमाने काढली, हे ज्ञान जवळजवळ लोपले होते.

(५)
जॉन्स्टनने पोथ्यांकडे चित्रे म्हणून पाहिले नाही. त्याने प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारला : ही कशाने निघाली? उत्तर होते, रुंद आणि सपाट टोकाची लेखणी. बोरूने बालबोध गिरवलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. टोक तासून सपाट केले आणि लेखणी एका ठरावीक कोनात धरली, की जाड आणि बारीक रेघा आपोआप उमटतात. त्या मुद्दाम काढाव्या लागत नाहीत. अक्षराचे रूप हे हत्याराच्या चालीतून येते, हा त्याचा पुढच्या सर्व कामाचा पाया ठरला.

(६)
या शोधात त्याला एक आदर्शही सापडला. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेलेले एक स्तोत्रपुस्तक, ‘रॅम्सी साल्टर’. हार्ली संग्रहातील क्रमांक २९०४. त्याची अक्षरे मोकळी, गोलसर आणि ठाम आहेत. त्यांच्या आधारे जॉन्स्टनने नव्या विद्यार्थ्यांसाठी एक पायाभूत वळण सिद्ध केले. इंग्रजी सुलेखन शिकणारे आजही बहुधा त्याच वळणापासून आरंभ करतात.

(७)
सप्टेंबर १८९९ मध्ये त्याने सेंट्रल स्कूलमध्ये पहिला वर्ग घेतला. आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांत एरिक गिल, नोएल रूक आणि ग्रेली ह्यूइट हे होते. यांपैकी दोन नावे पुढे पुन्हा येतील. १९०१ पासून तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवू लागला. १९०६ साली लेखन, सुशोभन व अक्षरांकन या विषयावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१० साली आना सिमन्स या त्याच्या विद्यार्थिनीने त्याचा जर्मन अनुवाद केला आणि ही विद्या जर्मनीत पोहोचली.

(८)
अध्यापनाबरोबर त्याची उपजीविका चाले ती मागणीच्या कामांवर. चर्मपत्रावरील मानपत्रे, प्रार्थनापुस्तके, पुस्तकांची शीर्षके आणि आद्याक्षरे. डव्ह्ज प्रेसच्या पाच खंडी बायबलच्या (१९०३–०५) पहिल्याच पानावर लाल शाईतील एक ‘आय’ वरपासून खालपर्यंत उभा आहे. तो जॉन्स्टनचा. वायमारचे काउंट केस्लर यांच्या क्रॅनाख मुद्रणालयासाठी त्याने मुद्राक्षरांच्या कामातही भाग घेतला. पण त्याचा हात फार संथ होता. मनासारखे उतरेपर्यंत तो काम सोडत नसे आणि गिऱ्हाइके वाट पाहत राहत. मान होता, पैसा बेताचाच होता.

(९)
आता लंडनच्या भुयारांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील भुयारी रेल्वे ही एक संस्था नव्हती. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे मार्ग. त्यांतील अनेक मार्ग १९०२ साली स्थापन झालेल्या एका समूहाच्या ताब्यात आले होते, पण प्रवासी अपेक्षेहून कमी होते. १९०८ साली सर्वांनी मिळून ‘अंडरग्राउंड’ हे एकच नाव लोकांपुढे ठेवायचे ठरवले. त्याच वर्षी प्रसिद्धीचे काम फ्रँक पिक या तिशीतल्या अधिकाऱ्याकडे आले. शिक्षणाने वकील, स्वभावाने काटेकोर.

(१०)
पिक फलाटावर उभा राहून प्रवाशाच्या नजरेने पाहत असे. भिंतींवर साबण, चहा आणि औषधे यांच्या जाहिरातींची गर्दी होती. त्या गर्दीत स्थानकाचे नाव शोधावे लागे. गाडी थांबे ती क्षणभर, आणि तेवढ्यात नाव दिसले नाही तर प्रवासी पुढच्या स्थानकावर जाई. उपाय म्हणून नावाच्या निळ्या पट्टीमागे लाल तबकडी लावण्यात आली. जाहिरातींना ठरावीक चौकटी आखून दिल्या गेल्या. अक्षरांचा गोंधळ मात्र तसाच राहिला. प्रत्येक छापखाना आपल्या कपाटात असतील ते खिळे वापरी.

(११)
पिकची आणि जॉन्स्टनची ओळख जेरार्ड मेनेल या मुद्रकाने करून दिली. रेल्वेची छपाई मेनेलकडे होई, आणि १९१३ साली निघालेल्या ‘द इंप्रिंट’ या मुद्रणविषयक मासिकाच्या संपादनात तो व जॉन्स्टन एकत्र होते. पिकच्या मनात आरंभी जॉन्स्टन आणि एरिक गिल अशी जोडी होती. परंतु गिलला वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधील ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेच्या शिल्पपटांचे मोठे काम मिळाले होते. तो बाजूला झाला आणि काम एकट्या जॉन्स्टनकडे राहिले. १९१५ साली ते प्रत्यक्ष सुरू झाले.

(१२)
पिकच्या अटी थोडक्यात अशा होत्या. प्रत्येक अक्षर स्पष्ट असावे. एकाचा दुसऱ्याशी घोळ होता कामा नये. जाहिरातदारांच्या अक्षरांहून ते वेगळे दिसावे. त्यात उत्तम काळातील अक्षरांचा साधेपणा असावा. आणि तरीही ते निःसंशय विसाव्या शतकाचे वाटावे. शेवटच्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध भासतात. सगळा पेच त्यांतच होता.

(१३)
पाट्यांसाठी एकसारख्या जाडीची, टोकांना पाय नसलेली ठोकळा अक्षरे सोयीची होती. ती काही नवी नव्हती. मुद्राक्षरांत त्यांचा पहिला नमुना विल्यम कॅस्लन (चौथा) याने १८१६ साली दाखवला होता. पुढे शंभर वर्षे ती अक्षरे बाजारी जाहिरातींत, दुकानांवर आणि लिलावाच्या पत्रकांत राबली. कलाकुसरीच्या जगात त्यांना प्रतिष्ठा नव्हती. जाड-बारीक रेघेतच अक्षराचा प्राण आहे असे शिकवणाऱ्या माणसाला आता जाड-बारीक नसलेली अक्षरे काढायची होती.

(१४)
जॉन्स्टन बाजारातील ठोकळा अक्षरांकडे गेला नाही. तो अठरा शतके मागे गेला. रोममध्ये इ. स. ११३ च्या ट्रेजन स्तंभावर जो शिलालेख आहे, त्यातील कॅपिटल अक्षरांची मापे एकसारखी नाहीत. ‘ओ’ भरदार वर्तुळ, तर ‘ई’, ‘एफ’, ‘एस’ अरुंद. जाहिरातींच्या ठोकळा अक्षरांत ही सर्व अक्षरे बहुधा एकाच रुंदीत कोंबलेली असत. जॉन्स्टनने रोमन मापे उचलली आणि टोकांचे पाय काढून टाकले. त्याचा ‘ओ’ पूर्ण वर्तुळ झाला. ‘एम’ चौरसात बसला. त्याच्या तिरप्या रेघा चौरसाच्या मध्यावर मिळतात.

(१५)
रेघेची जाडी किती असावी? उंचीच्या एक सप्तमांश. म्हणजे सात रेघा एकावर एक रचल्या, तर एक कॅपिटल अक्षराची उंची भरते. हे प्रमाण ठरल्यावर पुढचे बरेच निर्णय त्यातून निघाले. पाटी लहान असो वा मोठी, एनॅमलची असो वा कागदाची, अक्षराचा बांधा बदलत नाही. दुरून येणाऱ्या गाडीतून नाव वाचायचे असल्याने अक्षरांच्या पोटातील मोकळी जागाही तितकीच मोलाची होती.

(१६)
स्मॉल अक्षरांच्या मागे त्याचा तो जुना पोथ्यांचा अभ्यास आहे. कॅपिटल ‘आय’, आकडा ‘एक’ आणि स्मॉल ‘एल’ हे तिन्ही नुसत्या उभ्या काठ्या झाले असते, तर पिकची पहिलीच अट मोडली असती. म्हणून ‘एल’च्या तळाला त्याने उजवीकडे वळणारी लहान शेपटी दिली. आणि टिंब? रुंद टोकाची लेखणी ४५ अंशांत धरून कागदावर किंचित ओढली, की गोल ठिपका उमटत नाही. कोपऱ्यावर उभा चौरस उमटतो. पोथ्यांतील तोच ठिपका जॉन्स्टनने भुयारी रेल्वेत आणून ठेवला.

(१७)
१९१६ साली ही वर्णमाला रेल्वेच्या हाती आली. आधी कॅपिटल अक्षरे, मागाहून स्मॉल. युरोपात महायुद्ध पेटले होते. मोठ्या पाट्या व भित्तिपत्रके छापण्यासाठी अक्षरे लाकडात कोरली गेली. हळूहळू स्थानकांची नावे, दिशादर्शक फलक, सूचना, भित्तिपत्रके अशा सर्व ठिकाणी एकच वर्णमाला दिसू लागली. एका सार्वजनिक सेवेने स्वतःपुरती अक्षरे घडवून घ्यावीत आणि ती दारापासून फलाटापर्यंत सर्वत्र वापरावीत, ही कल्पना त्या काळी फार नवी होती.

(१८)
मराठी वाचकाला यातील एक सूत्र परके वाटू नये. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि मोकळे असावे, आणि ग्रंथाच्या आरंभापासून शेवटपर्यंत ते एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असा त्याचा आग्रह आहे. रामदासांसमोर पोथी होती, पिकसमोर शहर होते. परंतु वाचणाऱ्याला प्रत्येक पानावर वा प्रत्येक स्थानकावर नव्याने अक्षर ओळखावे लागू नये, ही चिंता दोघांची सारखीच.

(१९)
रेल्वेने जॉन्स्टनला आणखी एक काम दिले. भरीव लाल तबकडी त्या नव्या अक्षरांपुढे बोजड दिसू लागली होती. त्याने तिचे कडे केले, मधल्या पट्टीचे प्रमाण बदलले आणि पट्टीत आपली अक्षरे बसवली. १९१७ साली हे चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. लंडनच्या चित्रांत आज सर्वत्र दिसणारे ते लाल कडे आणि निळी पट्टी, त्यांचा मूळ बांधा येथला.

(२०)
१९३३ साली लंडनची भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस एका सार्वजनिक मंडळाखाली आल्या. पिक त्या मंडळाचा प्रमुख कार्यकारी अधिकारी झाला आणि जॉन्स्टनची अक्षरे रस्त्यावर आली. त्याच वर्षी हॅरी बेकचा प्रसिद्ध नकाशा निघाला, सरळ आणि तिरप्या रेघांचा. त्यावरील स्थानकांची नावे खिळे जुळवून छापलेली नव्हती. ती जॉन्स्टनच्या वळणात हाताने काढलेली होती.

(२१)
सर्वांना हे रुचले असे नाही. सर्वांत कठोर टीका घरातूनच झाली. ग्रेली ह्यूइट हा जॉन्स्टनचा जुना विद्यार्थी, स्वतः निष्णात सुलेखनकार. त्याची तक्रार अशी की, ज्याने आपल्याला रोमन अक्षरांची प्रतिष्ठा शिकवली, त्यानेच ही ठोकळा अक्षरे जगाला देऊन ती मोडली. त्याच्यावरचा आपला विश्वास उडाला. ही टीका केवळ आकसाची नव्हती. लेखणीतून अक्षर जन्मते असे शिकवणाऱ्याने यंत्रासाठी अक्षर आखले, तर त्याच्या शिकवणीचे काय होते, हा खरा प्रश्न होता.

(२२)
त्याचे उत्तर अक्षरांतच आहे. जॉन्स्टनची शिकवण लेखणीपूजेची नव्हती. हत्यार, साहित्य आणि वाचणारा यांच्याशी अक्षराने प्रामाणिक असावे, ही ती शिकवण होती. चर्मपत्रावर हत्यार पिसाची लेखणी असते. भुयारात ते लाकडी ठसा आणि एनॅमलची पाटी असते. तेथे लेखणीची जाड-बारीक रेघ आणली असती, तर ते सोंग झाले असते. जे न्यायला हवे ते त्याने नेले : जुन्या अक्षरांची मापे, मोकळेपणा आणि एक टिंब.

(२३)
दुसरा प्रश्न श्रेयाचा. ही वर्णमाला रेल्वेने खास स्वतःसाठी घडवून घेतलेली होती. इतर मुद्रकांना तिचे खिळे विकत मिळत नसत. मग ज्यांना तशीच स्वच्छ अक्षरे हवी होती त्यांनी काय करावे? १९२८ साली मोनोटाइप कंपनीने ‘गिल सॅन्स’ ही मुद्राक्षरे बाजारात आणली. रचनाकार एरिक गिल. जॉन्स्टनचा विद्यार्थी आणि या कामातील मूळचा जोडीदार. १९२९ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ती स्वीकारली. १९३५ पासून पेंग्विनच्या मुखपृष्ठांवर ती घरोघरी गेली.

(२४)
गिलने आपले ऋण लपवले नाही. जॉन्स्टनच्या अक्षरांचा आधार त्याने मान्य केला. दोन्ही वर्णमाला एकही नाहीत. तरी जगाच्या स्मरणात नाव राहिले ते गिलचे, कारण त्याचे नाव मुद्राक्षरांच्या यादीत छापलेले होते आणि ती कोणालाही विकत घेता येत होती. जॉन्स्टनची अक्षरे एका शहराच्या भिंतींवर होती. तेथे स्थानकाचे नाव लिहितात, लिहिणाऱ्याचे नाही. लोक त्यांना ‘अंडरग्राउंडची अक्षरे’ म्हणत. मागणीनुसार काम करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला हे बहुधा येतेच : काम जितके चोख बसते, तितके ते मागणाऱ्याचे वाटू लागते.

(२५)
जॉन्स्टन १९१२ पासून ससेक्समधील डिचलिंग या खेड्यात राहत होता. १९३६ साली पत्नी ग्रेटा वारली. १९३९ साली त्याला ‘सी.बी.ई.’ हा किताब मिळाला. २६ नोव्हेंबर १९४४ रोजी डिचलिंगमध्येच त्याचे निधन झाले. त्याचे चरित्र १९५९ साली त्याची मुलगी प्रिसिला हिने लिहिले. त्याच्या हातची अनेक पाने आज त्या खेड्याच्या संग्रहालयात पाहता येतात.

(२६)
वर्णमालेची गोष्ट मात्र तेथे थांबत नाही. १९७०च्या दशकात छपाईचे तंत्र पालटले होते. जॉन्स्टनची अक्षरे लाकडात आणि धातूत होती. नव्या छायाक्षरजुळणीत ती उपलब्ध नव्हती. जाड-बारीक असे पुरेसे प्रकारही नव्हते. सोयीसाठी दुसरीच अक्षरे वापरली जाऊ लागली आणि मूळ वर्णमाला मागे पडण्याची वेळ आली. तेव्हा बँक्स अँड माइल्स या संस्थेत काम करणाऱ्या एइची कोनो या जपानी रचनाकाराने १९७९ साली तिचे नवे रूप सिद्ध केले. रोमन शिलालेखातून आलेल्या इंग्रजी अक्षरांना टोकियोहून आलेल्या हाताने वाचवले.

(२७)
२०१६ साली या वर्णमालेला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने मोनोटाइपने तिची ‘जॉन्स्टन १००’ ही नवी आवृत्ती तयार केली. मधल्या काळात पुसट झालेल्या मूळच्या काही लकबी तिच्यात परत आणल्या गेल्या. शिवाय समाजमाध्यमांच्या काळाची गरज म्हणून ‘हॅशटॅग’ आणि ‘ॲट’ ही चिन्हे नव्याने आखावी लागली. १९१६ साली त्यांची निकड कोणालाच नव्हती.

(२८)
अक्षरांचा इतिहास लिहिताना आपण राजे, मुद्रणालये आणि यंत्रे यांची नावे घेतो. ज्याने एका रेघेची जाडी उंचीच्या सातव्या हिश्शाइतकी असावी असे ठरवले, त्याचे नाव सहसा कोठे कोरलेले नसते. जॉन्स्टननेही पाट्यांवर सही केली नाही. लंडनला जाणे झाले, तर स्थानकाच्या नावातील एखादा ‘आय’ शोधावा. त्यावरचा टिंब दहाव्या शतकातील लेखणीच्या कोनात अजून तसाच उभा आहे.

(थ्रेड समाप्त)